रात्रीची नाडी

उजव्या हाताची दोन बोटं घे आणि डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, हळूच ठेव. अंगठा वापरू नकोस. अंगठ्याला स्वतःचीच धडधड असते, तो फसवतो. सापडली? नसेल तर घाई नको, बोटं थोडी इकडेतिकडे सरकव. त्वचेखाली कुणीतरी आतून टिचकी मारतंय असं वाटलं की थांब. ती तुझी नाडी. आता अशी कल्पना कर, की ते ठोके तू मोजत नाहीस. मनगटाला बांधलेला एक काळा पट्टा मोजतो, रात्रभर, तू झोपेत असताना. आणि सकाळी, शेकडो कोस दूर, समुद्राजवळच्या एका शहरात, एक बाई चहा पिता पिता ते आकडे बघते आणि ठरवते की रविवारी तू मैदानात उतरायचंस की बाकावर बसायचंस. कशी वाटते ती बाई तुला? चांगली? थांब जरा. रोशनीलाही सुरुवातीला चांगलीच वाटली होती.

त्या बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला रोशनी चंद्रपुरात, जटपुरा गेटजवळच्या एका रसवंतीत बसली होती. एप्रिल होता, अकरालाच रस्ता पांढरा पडला होता आणि माणसं भिंतीच्या सावलीला चिकटून चालत होती. चरकाला बांधलेले घुंगरू वाजत होते. समोर तिच्या भावाची मुलगी मयुरी, सात वर्षांची, दोन्ही हातांनी ग्लास धरून बसली होती. रोशनी चोवीस वर्षांची. बाबूपेठेत वाढलेली आणि गेली चार वर्षं एका व्यावसायिक क्लबात फुटबॉल खेळणारी, डाव्या बाजूनं वाऱ्यासारखी पळणारी म्हणून ओळखली जाणारी. क्लबानं तिला सहा दिवस घरी पाठवलं होतं. रस अर्धा झाला असेल नसेल, तोच फोन थरथरला. संदेश स्वाती मॅडमचा होता, म्हणजे क्लबात सगळ्यांच्या पायांचा आणि दमाचा हिशेब ठेवणाऱ्या त्या बाईचा. ‘रोशनी, तीन रात्री झाल्या, तुझी झोपेतली नाडी ऐंशीच्या खाली उतरलेली नाही. एरवी सेहेचाळीस असते. ताप आहे का? तिथल्या डॉक्टरला दाखव. रविवारचं सध्या मनातून काढ. दुपारी फोन करते.’ रोशनीनं ते तीनदा वाचलं. मनातून काढ. कुणाच्या मनातून?

‘‘आत्या, तुह्या रसात माशी पडली.’’

‘‘पडू दे.’’

‘‘जिती हाये. पोहून राह्यली.’’

रोशनी हसली आणि पुन्हा फोनवरच्या त्या आकड्याकडे बघत राहिली. कारण त्या तिन्ही रात्री पट्टा तिच्या हातात नव्हताच. तो समोर बसलेल्या या पोरीच्या हातात होता. दिवसभर उड्या मारून रात्री नऊला धाडकन झोपणारी, कूलरच्या खडखडाटात, भांडी पडली तरी न हलणारी पोर. जगात कुणाला विश्रांती म्हणजे काय ते कळत असेल तर हिला. आणि म्हणे हिची नाडी उतरली नाही! म्हणजे आकडा खोटा होता. म्हणजे तो पट्ट्यातून आलाच नव्हता, तिकडेच कुणीतरी टेबलावर बसून तयार केला होता. तिला वगळायचं ठरलं होतं, कारण नंतर शोधलं होतं, आणि तापाची काळजी वरून पेरली होती. तिनं माशीकडे पाहिलं. माशी खरंच पोहत होती, ग्लासच्या कडेपर्यंत जायची आणि फेसात परत घसरायची. आणि रोशनीला हे कुणालाच सांगता येणार नव्हतं. ‘तुम्ही खोटं बोलता’ असं म्हणायचं तर आधी ‘मी खोटं बोलले’ असं म्हणावं लागणार होतं.

हे कसं झालं ते नीट सांगायला हवं. दहा आठवड्यांपूर्वी एका सामन्यात, चेंडू पुढे ढकलून ती त्याच्यामागे सुटली असताना, उजव्या मांडीच्या मागच्या बाजूला कुणीतरी दगड मारल्यासारखं झालं. तिनं चिडून वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. मग पाय खाली टेकेना. स्नायू फाटला होता. त्यानंतरचे सात आठवडे तिनं बर्फ, पट्ट्या, रबरी दोऱ्या आणि पोहण्याचा तलाव यांच्यात घालवले. परत आली तेव्हा पाय बरा होता, पण सामना पेलवत नव्हता. हे खेळाडूंनाच कळतं. सरावात कितीही धावा, सामन्यातलं धावणं वेगळं असतं. तिथं समोरची मुलगी कधी वळेल ते ठाऊक नसतं, श्वास आपल्या सोयीनं घेता येत नाही. त्याला क्लबात सगळे मॅच फिटनेस म्हणत, आणि तो सामना खेळूनच येतो, बाजारात मिळत नाही. पहिल्या सामन्यात तिला वीस मिनिटं मिळाली. दुसऱ्यात तीस. तिसऱ्याला पूर्ण अर्धा डाव मिळेल असं वाटत असतानाच स्वाती मॅडम म्हणाल्या, ‘‘घरी जाऊन ये सहा दिवस. पूर्ण आराम. पट्टा तेवढा काढू नकोस.’’ तिच्या जागी एकोणीस वर्षांची एक मुलगी खेळत होती. चांगली खेळत होती. तिनं रोशनीला निघताना पिशवी उचलायला मदत केली, आणि रोशनी गाडीत रात्रभर त्या मदतीचा अर्थ लावत बसली.

स्वाती मॅडम कोल्हापूरच्या. बोलणं मोकळं, हसणं मोठं. पहिल्या महिन्यात त्यांनी सगळ्यांना फळ्यासमोर बसवून दोन रेषा काढून दाखवल्या होत्या, एक हिरवी, एक लाल. ‘‘हे बघा गं पोरींनो. तुम्ही काम केलं की या दोन्ही रेषा वर चढतात. हिरवी ताकदीची, लाल थकव्याची. आराम केला की लाल भराभर उतरते, हिरवी अगदी सावकाश. आणि या दोघींच्या मधे जी जागा राहते ना, तेवढीच तुम्ही रविवारी मैदानात दिसता. ताकद किती कमावली ते दिसत नाही. मधली जागा दिसते.’’ सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. पण रोशनीच्या मनात त्यातला एकच शब्द राहिला, काट्यासारखा. सावकाश. सावकाश का होईना, हिरवी उतरतेच ना? मग सहा दिवस पाय पसरून बसल्यावर ती किती उतरेल? दहा आठवडे गेलेले, आणि त्यात हे सहा दिवस. घरी पोहोचल्यावर पहिल्याच रात्री, मयुरी शेजारी झोपलेली असताना, तिनं पट्टा चार्जिंगला काढला. तेवढी मुभा होती. भरल्यावर तो आपल्या मनगटाकडे नेता नेता तिचा हात वळला. मयुरीचं मनगट इतकं बारीक होतं की शेवटच्या भोकातही पट्टा सैल बसला. तिनं खाली रुमालाची घडी घातली. मग साडेचारला उठून, बूट हातात घेऊन, फाटकाची कडी दोन बोटांनी उचलून ती बाहेर पडली. कोळसा खाणीच्या मैदानावर पन्नास मिनिटं पळाली. पलीकडे खाणीतून काढून टाकलेल्या मातीचे डोंगर, त्यांच्यावर माजलेल्या बाभळी, आणि त्या बाभळीत वाघ आहे असं सगळे सांगत. ती त्या बाजूला वळली की कान मागे लावून पळायची. परत येऊन पट्टा काढून स्वतःला बांधायची. पट्ट्यानं बघितलेली रोशनी सकाळपर्यंत गाढ झोपलेली असायची.

आपण काही वाईट करतोय असं तिला वाटलं नव्हतं. वाटलं होतं ते एवढंच, की मंगलीसारखं आपलं होऊ द्यायचं नाही. मंगली आलापल्लीकडच्या जंगलातल्या एका गावची. दोन वर्षं खोलीत तिच्या शेजारच्या खाटेवर होती. मधल्या फळीत खेळायची, दमायची नाही, आणि झोपेत गोंडीत भांडायची. तिलाही एकदा असाच आराम दिला होता. आराम, मग आणखी आराम, मग एक दिवस तिची खाट रिकामी. तेव्हापासून आराम हा शब्द ऐकला की रोशनीला त्या खाटेवरची गुंडाळलेली गादी दिसायची. मयुरीचं बोट धरून उन्हातून घराकडे चालताना तिला पुन्हा तीच गादी दिसली. मंगलीचं जे केलं तेच आता माझं. पण त्याच वेळी, कोण जाणे कुठून, मंगलीचा सकाळचा आवाजही ऐकू आला. रोज सकाळी प्रत्येकीला फोनवर पाच प्रश्न यायचे, झोप कशी, पाय कसे, मन कसं, दहापैकी किती. मंगली दात घासता घासता ओरडायची, ‘‘रोशने, आज किती लिहू बे?’’ दहा लिहिलं तर कुणी विश्वास ठेवत नसे. पाच लिहिलं तर विचारपूस होई. सगळ्या सात-आठमध्ये राहत. मंगली मात्र रोज नऊ लिहायची. आणि गुडघा? तेव्हा तिचा गुडघा सुजलेला होता का? रोशनीनं आठवायचा प्रयत्न केला. तो उशीखाली ठेवलेला बर्फ, वितळून गादी ओली झाली म्हणून दोघी हसलेल्या, ते आरामाच्या आधीचं की नंतरचं? आधीचं असेल तर सगळ्याचा अर्थ वेगळा होत होता. तिनं तो विचार रस्त्यातच टाकला आणि पावलं उचलली.

गल्लीच्या तोंडाशी बायनाबाई पाणी भरत होत्या. शेजारच्या, रोशनीला लंगोटात पाहिलेल्या.

‘‘काऊन वं रोशनी, या बारीला टीव्हीवर नाई दिसली तू? काढलं का काय तुले?’’

‘‘सुट्टी हाये बाई.’’

‘‘सुट्टी! आमच्या विक्कीलेबी गिरणीतनं असीच सुट्टी देल्ली होती.’’ त्या हसल्या. ‘‘मस्करी केली वं. जा, ऊन लागन.’’

मस्करी होती. पण त्यांना कुणी काही सांगितलं असेल का? बातमी इथंपर्यंत आली असेल का? रोशनीला ठाऊक होतं की बायनाबाईंना फुटबॉलमध्ये किती खेळाडू असतात तेही माहीत नाही, तरी घरात शिरेपर्यंत तिला पाठीवर त्यांची नजर जाणवत राहिली.

घरात एकटे बाबा होते. आई नागभीडला लग्नाला गेलेली, भाऊ-वहिनी कामावर. बाबा, म्हणजे देवाजी, बाबासाहेबांच्या फोटोखाली चटई टाकून कूलरच्या वाऱ्यात बसले होते. तरुणपणी पंधरा वर्षं त्यांनी आलापल्लीच्या जंगलात सागाची रोपं लावण्याचं काम केलं होतं. मयुरी आल्याआल्या त्यांच्या मांडीवर जाऊन पडली. ‘‘आबा, बिल्ल्याची गोष्ट.’’ ही गोष्ट रोशनीनंही शंभरदा ऐकलेली. जंगलात प्रत्येक मजुराला पितळेचा एक बिल्ला मिळे, गळ्यात दोरीनं बांधायचा, त्यावर नंबर. सकाळी वनरक्षक नंबर पुकारी आणि माणसं ओ देत. कुणाला बरं नसलं की दुसरा त्याचाही बिल्ला आपल्या गळ्यात घालून उभा राही. सगळेच ते करत. त्यात चोरी वाटत नसे, सोबत्याचं ओझं उचलल्यासारखं वाटे. बाबांचा सोबती पोचू. एकदा पोचूला ताप आला.

‘‘साहेब म्हने, अठ्ठावीस! मी म्हनलं, हाजर! साहेब म्हने, एकोनतीस! मी खाली बसलो, नाक दाबलं अन् म्हनलं,’’ बाबांनी नाक दाबलं, ‘‘हाऽजर!’’

मयुरी खिदळली. नेहमीप्रमाणे गोष्ट इथं संपली. आणि भिंतीला टेकून उभ्या असलेल्या रोशनीला एकदम कळलं, की त्या रात्री आपला हात मयुरीच्या मनगटाकडे इतक्या सहज कसा वळला. तो हात तिला या गोष्टीनंच दिला होता. ती बाबांकडे बघत राहिली. बाबा मात्र दाराशी काढलेल्या बुटांकडे बघत होते.

‘‘तुह्या जोड्यायले कोळसा लागेल हाये,’’ ते म्हणाले.

‘‘जुना असन.’’

‘‘असन.’’

म्हणजे यांनाही माहीत आहे. कडीचा आवाज तीन दिवस ऐकतात आणि बोलत नाहीत. का बोलत नाहीत? ती आतल्या खोलीत गेली.

मयुरी तिच्यामागोमाग आली आणि बोलता बोलताच झोपली, एक पाय रोशनीच्या पोटावर टाकून. दुपारचा एक वाजला होता. खिडकीला ओलं पोतं लावलेलं होतं, त्याचा वास येत होता, आणि गजावर कोळशाच्या धुळीचा रोजचा थर बसलेला होता. रोशनी छताकडे बघत स्वाती मॅडमशी भांडत होती. ऐंशी म्हणे! मी सिद्ध करू शकते. या क्षणी, या इथं. पोर गाढ झोपलेली आहे, माझ्या हातात घड्याळ आहे. तिनं पोरीचं मनगट उचललं, दोन बोटं ठेवली आणि सेकंदाच्या काट्याकडे पाहिलं. अर्ध्या मिनिटात एक्केचाळीस. चुकलं असेल. पुन्हा मोजले. चाळीस. तिसऱ्यांदा पूर्ण मिनिट मोजलं, ओठ हलवत, हळू, जणू हळू मोजल्यानं ठोके कमी होतील. ब्याऐंशी. पोर झोपेत हसली आणि कुशीवर वळली. तिला ताप नव्हता, काही नव्हतं. लहान मुलांचं हृदय मुळातच असं भराभर चालतं. तुझं वय लहान असेल तर तुझंही चालत असेल, मघाशी बोटं ठेवलीस तेव्हा पाहिलंस ना? हे रोशनीला कधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिनंही कधी दुसऱ्याचं मनगट धरून पाहिलं नव्हतं. चार वर्षं ती फक्त स्वतःचीच नाडी ऐकत आली होती. स्वाती मॅडम खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांनी आलेला आकडा वाचला होता आणि त्या घाबरल्या होत्या.

एवढ्यावर सुटली असती तर बरं झालं असतं. पण बोटं आपोआप तिच्या स्वतःच्या मनगटावर गेली. एरवी सकाळी उठल्यावर, पडल्या पडल्या मोजलं तर पन्नास भरायची. हे तिला स्वतःच्या नावासारखं पाठ होतं. बासष्ट भरले. तिनं उशी काढून टाकली, हातपाय सैल सोडले, डोळे मिटले. एकसष्ट. ऊन लागलं असेल. रस प्यायला म्हणून असेल. राग आला म्हणून असेल. बोटांनी मात्र यातलं काहीच ऐकलं नाही. आणि मग तिला ते सगळं आठवलं जे तीन दिवस ती आठवू देत नव्हती. सोमवारी पळताना पाय हलके होते. मंगळवारी शेवटच्या दोन फेऱ्यांत मांडीच्या मागे काहीतरी ताणल्यासारखं वाटलं, आणि तिनं चक्क वळून पाहिलं होतं. बाभळीकडे. वाघाच्या भीतीनं, असं तिनं स्वतःला सांगितलं. आज पहाटे वळण घेताना पाय इतका जड झाला की तिनं शेवटची फेरी चालत पूर्ण केली आणि तीही मोजली. पट्टा खोटं सांगत होता, ते तिनंच त्याला सांगायला लावलं होतं. तरी त्या खोट्या आकड्यानं जे म्हटलं ते खरं होतं. तू थकलेली आहेस. आणि मंगलीच्या उशीखालचा बर्फ, तो आरामाच्या आधीचाच होता. महिनाभर आधीचा. मंगली नऊ लिहायची आणि ओल्या गादीवर झोपायची. मॅडमना कळलं तेव्हा गुडघ्यात वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. हे रोशनीला तेव्हाही ठाऊक होतं. तिनं नुसता क्रम बदलून ठेवला होता, कारण तसं केलं की दोष दुसऱ्याच्या दारात राहत होता.

ती उठून बाहेर आली. बाबा चटईवर आडवे झाले होते, पण जागे होते.

‘‘बाबा, मंग पोचूकाकाचं काय झालं?’’

बाबांनी कुशी बदलून तिच्याकडे तोंड केलं.

‘‘कागदावर पोचू हाजर होता,’’ बाबा म्हणाले. ‘‘दोन दिवस हाजर. मंग त्याले पाहाले कोन जाईन? साहेबाच्या हिशेबानं थो माह्या बाजूले खड्डे खोदून राह्यला होता. मी समजलो, झोपला असन, बरं वाटन. तिसऱ्या दिवशी आमच्या टोळीतली इतवारी पानी द्याले गेली त थो खाटेखाली पडून. आंग निस्तं तवा. मंग गाडी आली, दवाखान्यात नेलं.’’

‘‘मेला?’’

‘‘नाई. वाचला. कान गेले दोन्ही. मंग मी मागून हाका माराचो, पोचू, पोचू, थो वळूनच नाई पाहे.’’ ते उठून बसले. ‘‘आपल्याले हाजर म्हनाची घाई होती नं. थो बिमार हाये म्हनलं असतं त गाडी पहिल्याच दिवशी आली असती.’’

‘‘हे तुमी कधी सांगतलं नाई.’’

‘‘पोट्ट्यायले हासवाले सांगत होतो. हे सांगून कोन हासन?’’ आणि मग, बुटांकडे न बघता, ‘‘उद्या पहाटे कडी वाजली त मी उठून बसतो. तुले नाई म्हनत. फक्त उठून बसतो.’’

रोशनी परत आत आली. पाय पसरून मयुरीशेजारी पडली आणि फोन छातीवर धरला. लिहायला दोन मिनिटं लागली, पाठवायला त्याहून जास्त. ‘रात्री पट्टा माझ्या हातात नव्हता. माझ्या सात वर्षांच्या भाचीच्या हातात होता. तिची नाडी आहे ती. मी तिन्ही दिवस पहाटे धावले. आज मांडी ओढते.’ शेवटचं वाक्य तिनं दोनदा पुसलं आणि दोनदा परत लिहिलं. एकोणीस वर्षांची ती मुलगी आठवली, पिशवीचा बंद धरून उभी असलेली. हे पाठवलं की रविवार गेला. कदाचित पुढचाही. कदाचित याच शब्दांचा ते उपयोग करतील, कागद पुढे ठेवून म्हणतील, बघ, तूच लिहिलं आहेस. स्वाती मॅडम त्यातल्या आहेत की नाहीत हे तिला अजूनही कळलं नव्हतं. त्यांनी खरं सांगितलं होतं यावरून त्या आपल्या बाजूच्या आहेत असं थोडंच ठरतं? तिनं बटण दाबलं. फोन चादरीवर ठेवला आणि त्याच्याकडे असं पाहिलं जसं बाभळीकडे पाहायची.

‘‘आत्या, काय करून राह्यली?’’ मयुरी डोळे चोळत उठून बसली होती.

‘‘नाडी मोजून राह्यली.’’

‘‘कायची?’’

‘‘माही.’’

‘‘मले शिकव.’’

रोशनीनं तिची दोन बोटं धरून आपल्या मनगटावर ठेवली. अंगठा नाई घ्याचा, ती म्हणाली, अंगठा फसवते. मयुरीनं जीभ बाहेर काढून, श्वास रोखून शोधलं. मग तिचे डोळे मोठे झाले. ‘‘आत्या! अंदर कोनी तरी चालून राह्यलं!’’

‘‘मोज मंग, किती पावलं चालते ते.’’

‘‘कुठवर?’’

‘‘मी थांब म्हनतो तवापर्यंत.’’

आणि मयुरी मोजायला लागली. एक, दोन, तीन. तिचा आवाज शाळेतल्या पाढ्यांसारखा वर-खाली होत होता, आणि बोटं रसानं अजून चिकट होती. रोशनीला वाटलं, पोर अडखळते आहे, सतरानंतर अठरा दोनदा म्हणते आहे, सांगायला हवं. वाटलं, फोन वाजेल, तेव्हा काय बोलायचं ते आताच ठरवायला हवं. चौतीसपर्यंत तिनं ऐकलं. पुढचं नाही. दहा आठवड्यांत पहिल्यांदा ती अशी झोपली, की कुणी येतंय का ते बघायला एकही कान जागा ठेवला नाही.

थांब म्हणायला कुणी उरलं नाही, तेव्हा मयुरी शंभरपर्यंत गेली. तिला शंभरपर्यंतच येत होतं. मग तिनं पुन्हा एकपासून धरलं. दुसऱ्यांदा त्र्याण्णववर आली असताना चादरीवरचा फोन वाजू लागला. मयुरीनं मान वाकवून, एकेक अक्षर जोडत वाचलं, स्वा-ती-म्या-डम. तिनं आत्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मनगटावरची बोटं तिनं उचलली नाहीत. डाव्या हातानं फोन घेतला, कानाला लावला आणि कुजबुजली, ‘‘हळू बोला. आत्या झोपेल हाये.’’ पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. ‘‘मी मयुरी,’’ ती म्हणाली. आणखी काहीतरी विचारलं गेलं, लांबलचक. ‘‘थांबा नं बाई,’’ मयुरी म्हणाली, ‘‘माहं चुकलं तुमच्यानं.’’ मग फोन बंद न करता तिनं तो आत्याच्या मनगटाला अगदी खेटून चादरीवर ठेवला, बोटं नीट बसवली, आणि पलीकडच्या बाईलाही ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा एकपासून मोजायला लागली.